पॉलिमर क्ले आणि मण्यांनी फुलदाणी कशी सजवावी : कोल्हापुरी साजाच्या नमुन्यासह नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

काचेच्या साध्या फुलदाणीच्या गळ्याभोवती पॉलिमर क्लेचा, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचा, पट्टा बसवून त्यावर छोटी पाने आणि मणी जडवणे, हे हस्तकलेत नव्याने येणाऱ्यांनी निःशंकपणे हाती घ्यावे असे काम आहे. त्यासाठी कुंभाराचे चाक लागत नाही, भट्टी लागत नाही आणि चित्रकलेचा पूर्वानुभवही लागत नाही. घरगुती ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), एक गुळगुळीत टाइल आणि थोडी निवांत वेळ एवढ्यावर भागते. मात्र सामान आणण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायला हवी. पॉलिमर क्ले काचेला कायमची चिकटत नाही आणि काचेचा मणीही क्लेला चिकटत नाही. म्हणून या कामाची सगळी भिस्त पकडीवर असते. पट्ट्याने फुलदाणीला चहूबाजूंनी धरून ठेवले पाहिजे आणि क्लेने प्रत्येक मण्याला निम्म्याहून अधिक कवेत घेतले पाहिजे. नवशिक्यांच्या फुलदाण्यांवरचे मणी काही दिवसांत गळू लागतात, त्यामागे बहुतेक वेळा पकडीकडे झालेले दुर्लक्ष असते.

नमुना म्हणून येथे कोल्हापुरी साज घेतला आहे. हा दागिना मुळातच गळ्याचा असल्यामुळे फुलदाणीच्या गळ्यावर तो शोभतो, पण त्याहून महत्त्वाचे कारण व्यावहारिक आहे. साजाची रचना सुट्या पानांची असते. परंपरेने त्यात २१ पाने मानतात, त्यांपैकी १० दशावतारांची आणि ८ अष्टमंगलांची असे सांगितले जाते, आणि पानांच्या मध्ये जवाच्या आकाराचे मणी गाठवलेले असतात. सुटी पाने असल्यामुळे एखादे पान बिघडले तर तेवढेच काढून नवे करता येते. संपूर्ण फुलदाणीवर वेलबुट्टी काढताना ही सोय राहत नाही. कोल्हापूरच्या गुजरीतील सराफी दुकानांच्या काचेतून साजाची पाने एकदा नीट न्याहाळून यावीत. सोन्याच्या पातळ पत्र्यात लाख भरून घडवलेली ती पाने टपोरी दिसतात, आणि तोच टपोरेपणा आपल्याला क्लेमध्ये आणायचा आहे.

क्ले कोणती आणि किती

दुकानात ‘क्ले’ मागितली की चार वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात, त्यामुळे नाव पूर्ण सांगावे. हवेवर वाळणारी क्ले, फुलांसाठी वापरली जाणारी थाई क्ले आणि दोन भाग मिसळल्यावर आपोआप घट्ट होणारी क्ले या तिन्ही वेगळ्या आहेत. पॉलिमर क्ले हवेवर वाळत नाही. ती भाजावीच लागते. तिच्यात पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य असते, पाणी अजिबात नसते. गणपतीच्या मूर्तींमुळे कोल्हापुरात शाडूची सवय अनेक हातांना आहे, आणि त्या सवयीने पाण्याचा हात लावून क्ले मऊ करण्याचा मोह होतो. तसे करू नये. पाणी थरांमध्ये अडकते आणि भाजताना तेथे फुगे येतात.

फिमो, स्कल्पी आणि सर्निट ही नावे आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात. एक वडी साधारण ५६ ते ५७ ग्रॅमची असते. मध्यम आकाराची फुलदाणी वरपासून खालपर्यंत मढवायची झाल्यास किमान तीन वड्या लागतात. केवळ गळ्याचा पट्टा आणि पाने करायची असल्यास गडद कुंकवाच्या रंगाची एक, मोहरीच्या पिवळ्या रंगाची एक आणि लिक्विड क्लेची, म्हणजे पातळ पॉलिमर क्लेची, एक छोटी बाटली पुरते. पहिल्या कामासाठी पट्टाच करावा असे मी आग्रहाने सांगेन. तो स्वस्त पडतो, लवकर होतो आणि गळ्याच्या खोबणीत बसत असल्यामुळे निसटतही नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची क्ले एकाच कामात शक्यतो मिसळू नये, कारण त्यांचे भाजण्याचे तापमान वेगळे असू शकते.

फुलदाणीची निवड

फुलदाणी जाड काचेची, बिनरंगी आणि गळ्याशी निमुळती असावी, म्हणजे मध्ये अरुंद आणि वर-खाली रुंद. अशा आकारावर बसलेले क्लेचे कडे भाजल्यानंतर वरही सरकू शकत नाही आणि खालीही उतरू शकत नाही. सरळसोट नळकांड्यावर तेच कडे काही काळाने सैल होऊन गोल फिरू लागते. बाहेरून रंग फवारलेली किंवा सोनेरी मुलामा दिलेली फुलदाणी टाळावी, कारण उष्णतेने तो मुलामा सुटू शकतो. खरेदीला जाण्यापूर्वी आपल्या ओटीजीच्या आतली उंची मोजून कागदावर लिहून न्यावी. फुलदाणीच्या चारही बाजूंना आणि वर तापणाऱ्या सळ्यांपासून किमान ३ ते ४ सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. उभी बसत नसेल तर आडवी ठेवून भाजता येते, पण त्यासाठी खाली आधार द्यावा लागतो. त्याची रीत पुढे दिली आहे.

कोल्हापुरात शाहूपुरीतील कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पकडे मातीचे भाजके भांडे मिळाले तर तेही चालते. न झिलई केलेल्या मातीचा पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे क्ले तेथे काचेपेक्षा चांगली धरते. परंतु मातीचे भांडे हवेतला ओलावा शोषून घेते, आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर ते कोरडे असण्याची शक्यता फारच कमी. असे भांडे आधी रिकामेच १२० अंश सेल्सिअसवर तासभर तापवून पूर्ण थंड करावे, त्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि मगच क्ले लावावी. त्यात पाणी झिरपते हे लक्षात ठेवून ताज्या फुलांसाठी आत काचेची बाटली ठेवावी.

मणी पारखून घेणे

महाद्वार रोडवरच्या कटलरीच्या दुकानांत मण्यांची चंगळ असते, आणि तेथेच सर्वांत जास्त फसगत होते. ओव्हनमध्ये जाणारा मणी काचेचा, धातूचा, दगडाचा किंवा लाकडाचा असला पाहिजे. प्लास्टिकचे मणी १३० अंशांवर मऊ पडतात, वाकडे होतात किंवा सपाट बसतात, आणि नकली मोत्यांचा मुलामा सुरकुततो. मंगळसूत्राची काळी पोत बहुधा काचेची असते, तिचा काळा रंग पिवळ्या पानांच्या कडेला फार उठून दिसतो, आणि ती सर्वत्र मिळते, म्हणून पहिल्या कामासाठी ती उत्तम. मात्र पोतही आता प्लास्टिकची मिळते, त्यामुळे पारख केल्याशिवाय घेऊ नये. काचेचा मणी हाताला गार लागतो आणि टाइलवर टाकला की खणखणीत वाजतो. शंका राहिलीच तर घरी आल्यावर सुई तापवून एका मण्याला टेकवावी. प्लास्टिक असेल तर सुई रुतते आणि वास येतो.

काचेचा असला तरी प्रत्येक मण्याचा रंग उष्णतेत टिकतोच असे नाही. काही स्वस्त मण्यांना वरून रंग दिलेला असतो, काहींच्या भोकात आतून रुपेरी लेप असतो. म्हणून प्रत्येक प्रकारचे दोन-तीन मणी फॉइलच्या तुकड्यावर ठेवून क्लेच्याच तापमानावर अर्धा तास आधी भाजून पाहावेत आणि न भाजलेल्या मण्यांशेजारी ठेवून रंग ताडून पाहावा. आकाराच्या बाबतीत, ११ नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३ मिलिमीटरचा आणि ६ नंबरचा ४ मिलिमीटरचा असतो. नवशिक्यांनी ८ नंबर घ्यावा. ११ नंबरचे मणी सुंदर दिसतात, पण चिमटीत येत नाहीत आणि दाबताना क्लेत पूर्ण बुडून जातात.

हत्यारे

लाटण्यासाठी सरळ काचेची बाटली किंवा अ‍ॅक्रिलिकची नळी घ्यावी. स्वयंपाकघरातले लाटणे घेऊ नये, कारण लाकडाला क्ले चिकटते आणि एकदा क्लेसाठी वापरलेली कोणतीही वस्तू पुन्हा अन्नासाठी वापरायची नसते. कामाची जागा म्हणून चकचकीत टाइल सर्वांत बरी. कच्ची क्ले थर्माकोलवर किंवा कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नये. तिच्यातले प्लास्टिसायझर त्या प्लास्टिकला विरघळवते आणि डबी व क्ले एकमेकांना चिकटून बसतात. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेले डबे मात्र सुरक्षित असतात. याखेरीज कटरचे पाते, एक जाड सुई, टूथपिक, दोन आइस्क्रीमच्या काड्या, २८ गेजची तांब्याची किंवा पितळी तार, मऊ ब्रश आणि ओले करून घासण्याचा पॉलिश पेपर एवढे सामान जमवावे. ओव्हन थर्मामीटर मात्र टाळू नये. केक-बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो. ओटीजीच्या चकतीवर १३० लिहिलेले असताना आत प्रत्यक्षात ११० किंवा १६० असणे अगदी सर्रास घडते, आणि या कामात तेवढ्या फरकाने सगळे बिघडते.

क्ले मळणे

वडी उघडल्यावर क्ले कधी ठिसूळ, कधी रबरासारखी लागते. तिचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा तळहातांच्या उबेने मऊ करावा, मग सगळे एकत्र करून कणकेसारखे मळावे, लांब वळी करावी, दुमडावी आणि पुन्हा वळी करावी. वळी वाकवल्यावर कडेला भेगा पडल्या नाहीत की क्ले तयार झाली. हे १० ते १५ मिनिटांचे काम घाईने उरकू नये. नीट न मळलेली क्ले भाजल्यानंतर कमकुवत राहते. फारच कोरडी असेल तर बेबी ऑइलचा एखादा थेंब पुरतो. उन्हाळ्यात उलट अडचण येते. एप्रिल-मेमध्ये क्ले इतकी मऊ होते की बोटांचे ठसे उमटतात. अशा वेळी तिची पोळी दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवली की जादा प्लास्टिसायझर कागद शोषून घेतो. पिवळ्या रंगाची क्ले आधी मळावी आणि लाल नंतर, कारण लाल रंग हातांना लागतो आणि पुढच्या प्रत्येक रंगात उतरतो. दोन्हींच्या मध्ये हात धुऊन ओल्या टिश्यूने पुसावेत. पंखा शक्यतो बंद ठेवावा. उडणारी धूळ आणि कपड्यांचे तंतू क्लेवर लगेच बसतात.

पट्टा बसवणे

फुलदाणी साबणाने धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसावी आणि त्यानंतर गळ्याला बोट लावू नये. कागदाची एक पट्टी गळ्याभोवती गुंडाळून परीघ मोजावा. तीच पट्टी दुमडून अर्धी, मग पाव, मग आठवा भाग करावी. उलगडल्यावर पडलेल्या घड्या म्हणजे पानांच्या जागा. गळ्याचा परीघ २४ सेंटिमीटर असेल तर दर ३ सेंटिमीटरवर एक पान येते, आणि ८ पाने पहिल्या कामाला पुरेशी आहेत. साजात २१ आहेत म्हणून फुलदाणीवरही २१ बसवण्याचा अट्टहास धरल्यास पाने फार बारीक होतात.

लाल क्लेच्या दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या ठेवून त्यांवरून बाटली फिरवली की साधारण २ मिलिमीटर जाडीची एकसारखी पोळी मिळते. जाडी एकसारखी असणे फार महत्त्वाचे आहे, कारण पातळ भाग लवकर भाजतो, जाड भाग मागे राहतो आणि पुढे त्या सीमेवर तडा जातो. पोळीतून पाऊण ते एक इंच रुंदीचा पट्टा कापावा. काचेवर लिक्विड क्लेचा अगदी पातळ थर ब्रशने द्यावा. तो काम चालू असताना पट्टा जागेवर ठेवतो; कायमची पकड मात्र बंद कड्याचीच असते. पट्टा एका टोकापासून सुरू करून अंगठ्याने हळूहळू टेकवत न्यावा, म्हणजे आतली हवा पुढे ढकलली जाते. संपूर्ण पट्टा एकदम गुंडाळून नंतर दाबल्यास हवा मध्येच अडकते. दोन्ही टोके एकमेकांवर चढवून पात्याने तिरका छेद द्यावा, जादा तुकडे काढावेत आणि सांधा बोटाने इतका जिरवावा की तो कोठे होता हे दिसू नये. कडे तुटते ते नेहमी याच सांध्यावर, म्हणून येथे दुप्पट वेळ द्यावा. काचेच्या आतून पाहिल्यास अडकलेली हवा फिकट डागासारखी दिसते. तेथे वरून सुईने टोचून बोटाने दाबावे.

पाने घडवणे

मोहरीच्या पिवळ्या क्लेच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या कराव्यात. सर्व गोळ्या सारख्या वजनाच्या होण्यासाठी वळी करून पट्टीवर मोजून समान तुकडे पाडावेत. चंद्र, बेलपान, शंख, मासा आणि कासव ही पाने नवशिक्यांना जमण्यासारखी आहेत. नाग आणि कीर्तिमुख पुढच्या खेपेसाठी ठेवावेत.

मासा असा करावा. गोळी तळहातावर एका बाजूने दाबत फिरवली की तिला थेंबाचा आकार येतो. निमुळत्या टोकापासून ४ मिलिमीटरवर दोन बोटांनी हलकी चिमूट घ्यावी म्हणजे शेपूट वेगळी होते, आणि शेपटीला पात्याने मधोमध चीर देऊन दोन्ही भाग किंचित फाकवावेत. पेय पिण्याची नळी तिरकी धरून तिची कड पाठीवर टेकवत गेले की अर्धवर्तुळाकार खवले उमटतात; ते शेपटीकडून डोक्याकडे उमटवत न्यावेत, म्हणजे पुढची रांग मागच्या रांगेवर नीट बसते. डोळ्याच्या जागी काळ्या पोतीतला एक मणी भोक वर ठेवून दाबावा. दाबताना क्ले खालून त्या भोकात चढते आणि मणी आतूनही धरला जातो. साजातला जवमणी करताना ४ मिलिमीटरची गोळी दोन्ही टोकांना निमुळती वळावी आणि सुई तिच्या लांबीवर आडवी ठेवून हलकेच दाबावी, म्हणजे जवाच्या दाण्यावर असते तशी रेघ पडते.

सोन्याची झाक हवी असल्यास कच्च्या क्लेवरच सोनेरी मायका पावडर (अभ्रकाची चमकदार भुकटी) कोरड्या, मऊ ब्रशने फिरवावी. रेझिन आर्टचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत ती मिळते. पावडर लावताना नाकावर मास्क असावा. ती उंचवट्यांवर जास्त आणि खाचांत कमी लागते, त्यामुळे नक्षी आपोआप उठते. पानाच्या मागच्या बाजूला पावडर लागू देऊ नये, कारण तेथे क्ले क्लेला मिळायची असते. पट्ट्यावर पानाची जागा सुईने ओरखडून खरबरीत करावी, लिक्विड क्लेचा थेंब ठेवावा आणि पान कडांवर दाबून बसवावे. मध्यभागी दाबल्यास नक्षी पुसते.

मणी जडवणे

आता पानांच्या मधल्या जागा जवमण्यांनी भराव्यात आणि पट्ट्याच्या वरच्या व खालच्या कडेला पोतीचे मणी लावावेत. प्रत्येक मण्यासाठी आधी सुईच्या टोकाने छोटा खळगा करावा, त्यात टूथपिकने लिक्विड क्लेचा ठिपका ठेवावा, मणी बसवावा आणि सुईच्या मागच्या बोथट टोकाने तो निम्म्याच्या थोडा पुढे जाईपर्यंत दाबावा. निम्म्याच्या खाली राहिलेला मणी कोणताही गोंद लावला तरी कधी ना कधी नखाला अडकून निघतो. निम्म्याच्या पुढे गेला की क्लेचा काठ वरून त्याच्यावर किंचित येतो, आणि तीच त्याची खरी पकड असते. पट्टा केवळ २ मिलिमीटरचा असल्यामुळे मोठे मणी तळाच्या काचेला टेकतात. म्हणून ३ मिलिमीटरहून मोठा मणी लावायचा असेल तेथे आधी क्लेची बारीक वळी चढवून उंची वाढवावी.

सलग मण्यांची ओळ हवी असेल तर मणी तारेत ओवून घ्यावेत. एकेक मणी रांगेत बसवताना ओळ हमखास वाकडी होते, तारेत ओवलेली माळ मात्र गळ्याभोवती सरळ बसते आणि तार स्वतःही पकडीचे काम करते. तारेची टोके पिळून क्लेत खोचावीत आणि वर एखादे पान बसवून झाकावीत. नायलॉनचा किंवा मासेमारीचा दोरा येथे वापरू नये, कारण तो तापल्यावर आकसतो.

कोणाला खाली लोंबणारे मोती हवे असतील तर त्यांच्यासाठी पट्ट्याच्या खालच्या कडेत तारेची छोटी कडी, पाय पिळून, भाजण्यापूर्वीच खोचून ठेवावी. मोती भाजल्यानंतर अडकवायचे असल्यामुळे ते प्लास्टिकचे असले तरी चालतात.

भाजणे

सारे कसब येथे पणाला लागते. फिमोसाठी ११० अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे, सर्निटसाठी ११० ते १३० अंशांवर ३० मिनिटे, आणि स्कल्पीसाठी १३५ अंश, तीही प्रकारानुसार दर ६ मिलिमीटर जाडीमागे १५ ते ३० मिनिटे, असे प्रमाण आहे. पाकिटावर लिहिलेले अंतिम मानावे. जाडी मोजताना पट्टा आणि पान मिळून जो सर्वांत जाड भाग असेल तो धरावा. वेळ थोडी वाढली तर नुकसान होत नाही, कमी पडली तर मात्र क्ले वरून कडक आणि आतून कच्ची राहते व काही आठवड्यांत तडकते. तापमानाचे नेमके उलटे आहे: ते वाढता कामा नये. सुमारे १७५ अंशांच्या पुढे क्लेतले पीव्हीसी विघटित होऊ लागते आणि हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू सुटतो. तसा तीव्र वास किंवा धूर जाणवल्यास ओव्हनचे दार न उघडता बटण बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे. एरवीही भाजताना खिडकी उघडी असावी आणि लहान मुलांना व पाळलेल्या पक्ष्यांना त्या खोलीत ठेवू नये. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर क्ले भाजता येत नाही. कन्व्हेक्शन मोडवर भाजता येते.

काचेची फुलदाणी नेहमी थंड ओव्हनमध्ये ठेवावी, मग ओव्हन सुरू करावा, आणि थर्मामीटर ठरलेल्या अंशावर आल्यापासून वेळ मोजावी. एकदम तापल्याने किंवा एकदम निवल्याने काच तडकते. फुलदाणी आडवी ठेवायची असल्यास टाइलवर पंख्यासारख्या घड्या घातलेला जाड कागद ठेवावा आणि पोटाला व बुडाला आधार देऊन गळा अधांतरी राहील असे पाहावे. कागद सळ्यांना टेकता कामा नये. वरून फॉइलचे सैल छप्पर केले की वरच्या सळीच्या थेट धगीने पिवळा रंग करपत नाही. त्याच पट्ट्याच्या जाडीची, बोटभर लांबीची एक नमुना पट्टी शेजारी ठेवण्यास विसरू नये.

पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर घाबरून जाण्याचे कारण नाही. दार बंदच ठेवावे, लाइट आल्यावर तापमान पुन्हा चढू द्यावे आणि वेळ पहिल्यापासून मोजावी. पॉलिमर क्ले कितीही वेळा भाजली तरी चालते. वेळ संपल्यावर क्ले अजून मऊच आहे असे वाटते, तेही स्वाभाविक आहे, कारण ती निवल्यावरच कडक होते. फुलदाणी ओव्हनमध्येच पूर्ण थंड होऊ द्यावी. मग नमुना पट्टी वाकवून पाहावी: ती वाकून परत सरळ झाली तर भाजणे बरोबर झाले, कट्कन मोडली तर तापमान किंवा वेळ कमी पडली. तसे झाल्यास फुलदाणी पुन्हा पहिल्यासारखी थंड ओव्हनमध्ये ठेवून भाजावी.

शेवटचा हात आणि डागडुजी

थंड झालेल्या फुलदाणीवरचा प्रत्येक मणी बोटाच्या पेराने हलकासा हलवून पाहावा. जो हलेल तो निर्धास्तपणे काढून घ्यावा, खळगा पुसावा आणि दोन ट्यूब मिसळून तयार होणाऱ्या इपॉक्सी गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब घालून मणी परत बसवावा. पट्ट्याच्या साध्या भागावर बोटांचे ठसे राहिले असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासावे, नंतर ६०० आणि १००० नंबरने. मायका लावलेली पाने घासू नयेत. पावडर हाताला लागू नये म्हणून पानांवर पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. घरात आहे म्हणून नेलपॉलिश लावणे टाळावे, कारण त्यातली द्रावके क्लेवर परिणाम करतात आणि पृष्ठभाग काही दिवसांनी चिकट होतो. फवाऱ्याच्या डब्यातल्या अनेक व्हार्निशचेही तसेच होते. कोणतेही नवे व्हार्निश आधी नमुना पट्टीवर लावून आठवडाभर ठेवावे आणि चिकटपणा आला नाही तरच फुलदाणीवर घ्यावे.

फुलदाणीत निशिगंधाचे दांडे पाण्यासह ठेवण्यास हरकत नाही, कारण भाजलेल्या क्लेला पाण्याचा त्रास होत नाही. धुताना गळ्याकडचा भाग मऊ ओल्या कापडाने पुसावा आणि तारेची घासणी लावू नये. उरलेली कच्ची क्ले प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ५ आकड्याच्या डब्यात, उन्हापासून आणि बंद गाडीच्या धगीपासून दूर ठेवल्यास बराच काळ टिकते. पुढे कधी पट्ट्याला सांध्यापाशी बारीक तडा गेला तर तो पात्याने किंचित रुंद करून त्यात लिक्विड क्ले जिरवावी, त्याच रंगाची कच्ची क्ले भरावी, प्लास्टिकचे लोंबते मोती आधी काढून ठेवावेत आणि फुलदाणी थंड ओव्हनपासून सुरुवात करून पुन्हा ३० मिनिटे भाजावी.